इथे लाल, तिथे हिरवा: चर्चच्या सणांचे गणित

२५ जुलै २०२७ ला रविवार आहे. त्या सकाळी वसई तालुक्यात आगाशीच्या चर्चमध्ये वेदीवर उभ्या राहणाऱ्या फादरांच्या अंगावर नियमाप्रमाणे लाल पोशाख असायला हवा. तिथून थोड्या अंतरावरच्या दुसऱ्या एखाद्या चर्चमध्ये त्याच वेळी हिरवा. वाचने वेगळी, प्रार्थना वेगळ्या, प्रवचनही वेगळे. दोघांपैकी कोणाचेही काही चुकलेले नसेल. आगाशीचे चर्च संत याकोबाच्या नावाचे आहे आणि २५ जुलै हा याकोबाचा दिवस. आगाशीत याकोब रविवारला बाजूला सारतो, शेजारच्या चर्चमध्ये रविवार याकोबाला.

चर्चच्या सणांबद्दल गोंधळ होतो तो असा. वांद्र्याच्या मोत माउलीचा, म्हणजे मरियेचा, सण ८ सप्टेंबरचा, पण जत्रा त्यानंतरच्या रविवारी का सुरू होते? इस्टर कधी मार्चअखेर तर कधी एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात का येतो? २५ मार्चचा सण २०२४ मध्ये ८ एप्रिलला कसा गेला? कॅथलिक घरांतही बहुतेकांना ‘यंदा सण कधी’ हे चर्चच्या सूचना फलकावरूनच कळते. पण त्या फलकामागे एक पक्के गणित आहे, आणि ते समजायला फारसे अवघड नाही.

त्याआधी दोन शब्द. ‘मिस्सा’ म्हणजे वेदीवर होणारी कॅथलिकांची मुख्य उपासना. तिला ख्रिस्तयागही म्हणतात. ‘धर्मग्राम’ म्हणजे एका चर्चच्या कक्षेतला भाग आणि तिथली माणसे. पुढे हे दोन शब्द वारंवार येतील.

जयंती नव्हे, पुण्यतिथी

संताचा सण म्हणजे त्याचा वाढदिवस, असे बहुतेकांना वाटते. प्रत्यक्षात तो सहसा मृत्यूचा दिवस असतो. मदर तेरेसांचा जन्म २६ ऑगस्टचा, पण त्यांचा दिवस ५ सप्टेंबरला पाळतात, कारण १९९७ मध्ये त्या दिवशी त्यांचे निधन झाले. संत फ्रान्सिस झेवियर ३ डिसेंबर १५५२ ला चीनच्या किनाऱ्याजवळच्या एका बेटावर वारले. जुन्या गोव्याचे फेस्त म्हणूनच ३ डिसेंबरला. जुने रोमन ख्रिस्ती मृत्यूच्या दिवसाला ‘स्वर्गातला जन्मदिवस’ म्हणत. ज्ञानेश्वरांचा समाधी सोहळा आणि तुकाराम बीज पाळणाऱ्या महाराष्ट्राला ही कल्पना वेगळी समजावून सांगायला नको.

जन्मदिवस पाळला जातो तो फक्त तिघांचा. येशूचा २५ डिसेंबरला, मरियेचा ८ सप्टेंबरला आणि बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाचा २४ जूनला. यांतही हिशेब आहे. मरियेला देवदूताचा निरोप मिळाला तो दिवस २५ मार्च, त्यापुढे नऊ महिन्यांनी नाताळ. ८ डिसेंबरला मरियेचा निष्कलंक गर्भसंभव (म्हणजे स्वतः मरियेचे आईच्या उदरात पापाविना येणे), त्यापुढे नऊ महिन्यांनी ८ सप्टेंबर. योहान येशूपेक्षा सहा महिन्यांनी मोठा असे लूकच्या शुभवर्तमानावरून निघते, म्हणून त्याचा जन्म नाताळच्या सहा महिने आधी. या तारखा जन्मदाखल्यावरच्या नव्हेत. अर्थ लक्षात घेऊन त्या एकमेकींशी जुळवल्या आहेत.

पुण्यतिथीच्या दिवशी आधीच दुसरे कोणी असेल तर? वसईचे संत गोन्सालो गार्सिया ५ फेब्रुवारी १५९७ ला जपानमधल्या नागासाकीत सोबत्यांसह क्रुसावर मारले गेले. पण ५ फेब्रुवारी ही संत अगाथाची फार जुनी तारीख. म्हणून नागासाकीच्या हुतात्म्यांना ६ फेब्रुवारी मिळाली.

एक दिनदर्शिका, दोन घड्याळे

चर्चचे वर्ष १ जानेवारीला सुरू होत नाही. नाताळच्या आधीचा चौथा रविवार हा त्याचा पाडवा. तिथून आगमनकाळ, म्हणजे नाताळची तयारी, सुरू होतो. पुढे वर्षभर दोन घड्याळे शेजारी शेजारी चालतात. एक सूर्याचे: नाताळ आणि बहुतेक संतांचे दिवस, ज्यांची तारीख ठरलेली असते. दुसरे चंद्राचे, आणि त्याचा काटा म्हणजे इस्टर.

इस्टरचा नियम एका ओळीत बसतो: २१ मार्चला किंवा त्यानंतर येणाऱ्या पहिल्या पौर्णिमेनंतरचा रविवार. पौर्णिमा रविवारीच आली तर इस्टर त्याच्या पुढच्या रविवारी. २०२५ मध्ये हेच झाले. पौर्णिमा रविवारी १३ एप्रिलला होती, म्हणून इस्टर २० ला. (ही पौर्णिमा चर्चच्या ठरलेल्या कोष्टकावरची असते. पंचांगाशी ती बहुधा जुळते, कधी एखाद्या दिवसाने हुकते.) अशा रीतीने इस्टर २२ मार्च ते २५ एप्रिल यांच्यामध्ये कुठेही येऊ शकतो. मराठी माणसाला सोपी खूण द्यायची तर इस्टर एक तर होळीच्या पौर्णिमेमागून येतो किंवा हनुमान जयंतीच्या. २०२४ मध्ये तो धुळवडीनंतरच्या रविवारी, ३१ मार्चला होता. २०२६ मध्ये हनुमान जयंतीनंतरच्या रविवारी, ५ एप्रिलला.

इस्टर ठरला की बाकीची माळ आपोआप ओवली जाते. त्याच्या ४६ दिवस आधी राखेचा बुधवार, तिथून उपवासकाळ. मग ‘चाळीस दिवसांचा उपवास’ कसा? मधले सहा रविवार मोजत नाहीत, कारण रविवार हा पुनरुत्थानाचा वार आणि त्या दिवशी उपवास नसतो. इस्टर धरून ५० व्या दिवशी पवित्र आत्म्याच्या आगमनाचा सण. गोव्याचा कार्निव्हल राखेच्या बुधवाराला टेकून येतो आणि म्हापशाच्या मिलाग्रीस सायबिणीचे (मरियेचे) फेस्त इस्टरमागून दोन आठवड्यांनी सोमवारी. दोन्हींच्या तारखा म्हणूनच दरवर्षी सरकतात.

इथेच एक सावधगिरी. गुड फ्रायडे हा इस्टरच्या आधीचा शुक्रवार, येशूच्या मरणाचा दिवस. त्या दिवशी शुभेच्छा देत नाहीत. जगभरच्या कॅथलिक चर्चमध्ये त्या दिवशी मिस्साही होत नाही. आदल्या संध्याकाळी राखून ठेवलेला ख्रिस्तप्रसादच, म्हणजे मिस्सेत अर्पण केलेली भाकर, वाटला जातो. घंटा गुरुवारी संध्याकाळी गप्प होतात त्या इस्टरच्या आदल्या रात्रीपर्यंत. शेजाऱ्याला ‘हॅपी गुड फ्रायडे’चा निरोप धाडणारे चांगल्या मनानेच धाडतात, पण हा सण सुतकाच्या जवळचा आहे.

विरार फास्ट आणि स्लो

दोन घड्याळे असली की टक्कर ठरलेली. ती सोडवण्यासाठी दिवसांना दर्जे दिले आहेत. आजची रचना पोप पॉल सहावे यांनी १९६९ मध्ये मंजूर केली आणि ती १९७० पासून लागू झाली. वरून खाली पाहिले तर पहिला ‘महोत्सव’, मग ‘सण’, मग ‘स्मृतिदिन’ आणि तळाशी साधा दिवस. स्मृतिदिनांतही काही पाळायचेच असतात, काही ऐच्छिक.

मिस्सेला बसलेल्या माणसाला दर्जा कानांनी ओळखता येतो. सुरुवातीला महिमागीत झाले आणि प्रवचनानंतर सर्वांनी मिळून श्रद्धेची घोषणाही म्हटली, तर महोत्सव. महिमागीत झाले पण श्रद्धेची घोषणा नाही, तर सण. दोन्ही नाहीत, फक्त प्रार्थनेत संताचे नाव आले, तर स्मृतिदिन. (रविवारी श्रद्धेची घोषणा असतेच, म्हणून ही परीक्षा आठवड्याच्या मधल्या वारी करावी.) २०१६ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी २२ जुलैचा मरिया माग्दालेनाचा दिवस स्मृतिदिनावरून सणावर नेला, म्हणजे तिला प्रेषितांच्या बरोबरीला बसवले. चर्चमध्ये ऐकू येणारा फरक मात्र एवढाच की त्या दिवशी महिमागीत गायले जाऊ लागले.

टक्कर कशी सुटते हे पश्चिम रेल्वेने रोज जाणाऱ्याला लगेच कळेल. वरच्या दर्जाच्या गाडीला आधी रूळ मिळतो. इस्टरचा आठवडा किंवा उपवासकाळातला रविवार ही सर्वांत मानाची गाडी, तिला कोणी थांबवू शकत नाही. महोत्सव म्हणजे विरार फास्ट. वाट अडली तर ती रद्द होत नाही, पुढचा रूळ मोकळा झाला की सुटते. सण आणि स्मृतिदिन या स्लो गाड्या. अडल्या की त्या वर्षापुरत्या रद्द.

२५ मार्चचे कोडे इथे उलगडते. २०२४ मध्ये २५ मार्च हा पवित्र सप्ताहातला, म्हणजे इस्टरच्या आधीच्या आठवड्यातला, सोमवार होता. त्या आठवड्यात दुसरे काहीही साजरे करता येत नाही, इस्टरनंतरच्या आठ दिवसांतही नाही. त्यामुळे हा महोत्सव थेट ८ एप्रिलवर गेला. त्याच वर्षी ८ डिसेंबरला आगमनकाळातला रविवार आला आणि निष्कलंक गर्भसंभवाचा महोत्सव एक दिवस सरकून ९ ला झाला. याउलट स्मृतिदिन रविवारी आला तर गुपचूप गळून पडतो. भाविक विचारतात, ‘फादर, संत विसरलात का?’ विसरलेले नसतात. रविवार हा मूळचा सण, बाकी सगळे नंतर आलेले.

या नियमाला थोडे अपवाद आहेत. २ नोव्हेंबरचा मृतांचा दिवस सामान्य रविवारलाही मागे सारतो. २०२५ मध्ये तो रविवारीच आला होता.

गावचा संत: इथे दर्जा बदलतो

आता आगाशीकडे परत येऊ. प्रेषित याकोबाचा दिवस जगभर ‘सण’ आहे, म्हणजे स्लो गाडी. पण नियम असा की चर्च ज्याच्या नावाचे आहे, त्याचा दिवस त्या चर्चपुरता महोत्सव होतो. तीच गाडी त्या एका स्थानकावर फास्ट होते. सामान्यकाळातल्या, म्हणजे आगमन, नाताळ, उपवास आणि इस्टर यांच्या काळांबाहेरच्या, रविवारपेक्षा महोत्सव वरचा, म्हणून आगाशीत लाल रंग, कारण याकोब हुतात्मा. शेजारच्या धर्मग्रामात याकोब फक्त सणाच्या दर्जाचा, म्हणून तिथे रविवारचा हिरवा. चर्चच्या समर्पणाचा वर्धापनदिनही असाच त्या चर्चपुरता महोत्सव असतो, पण तो लोकांच्या लक्षात क्वचितच राहतो.

यातून धर्मग्रामाला एक मोलाची सवलत मिळते. आश्रयदात्या संताचा दिवस आठवड्याच्या मध्ये आला तर तो सामान्यकाळातल्या जवळच्या रविवारी करता येतो. नोकरीला मुंबईत जाणारी माणसे बुधवारी येणार नाहीत, रविवारी येतील. मात्र ही मुभा आगमनकाळ, उपवासकाळ आणि पास्काकाळ (इस्टरपासून पवित्र आत्म्याच्या सणापर्यंतचा) यांतल्या रविवारी नाही. म्हणून सणाची तारीख हलवता येईल का, हे संत कोण आहे यापेक्षा तो कोणत्या काळात येतो यावर ठरते. सप्टेंबरातल्या मरियेच्या सणाला मोकळीक आहे. १९ मार्चच्या संत योसेफाला नाही, तो उपवासकाळात किंवा पवित्र सप्ताहातच येतो. २०२३ मध्ये १९ मार्च रविवारी आला तेव्हा योसेफाला सोमवारी जावे लागले. ‘श्रमिक संत योसेफ’ अशा नावाच्या चर्चचे नशीब थोर. १ मेचा हा दिवस पोप पायस बारावे यांनी १९५५ मध्ये नेमला, पाच वर्षांनी त्याच तारखेला महाराष्ट्र राज्य झाले आणि सुट्टी आपसूक पदरात पडली.

आदली संध्याकाळ, नऊ दिवस, आठ दिवस

साधा दिवस मध्यरात्री सुरू होतो आणि मध्यरात्री संपतो. रविवार आणि महोत्सव मात्र आदल्या संध्याकाळीच सुरू होतात. म्हणून शनिवारी संध्याकाळची मिस्सा रविवारची धरतात आणि नाताळची पहिली मिस्सा २४ डिसेंबरला होते. ज्यूंचा दिवस सूर्यास्तापासून मोजतात, त्याचा हा वारसा.

सणाआधीचे नऊ दिवस म्हणजे नोव्हेना. येशूचे स्वर्गारोहण आणि पवित्र आत्म्याचे आगमन यांच्या मधल्या नऊ दिवसांत शिष्य एकत्र प्रार्थना करीत बसले होते, तो तिचा नमुना. जुन्या गोव्यात नोव्हेना २४ नोव्हेंबरला सुरू होऊन २ डिसेंबरला संपते. मोजताना नेहमीची चूक म्हणजे सणाचा दिवस नववा धरणे. सण दहावा. ८ तारखेचा सण असेल तर नोव्हेना २९ किंवा ३० ला सुरू करायची हे आधीचा महिना ३० चा की ३१ चा यावर ठरते, आणि पत्रिका छापताना घोळ होतो तो इथे. ८ सप्टेंबरसाठी पहिला दिवस ३० ऑगस्ट.

सणानंतरचे आठ दिवस म्हणजे अष्टाह. पूर्वी अनेक सणांना अष्टाह असे. १९५५ मध्ये तीनच उरले आणि आज फक्त नाताळ व इस्टरला आहे. वांद्र्याची आठवडाभराची जत्रा पाहिली की या जुन्या प्रथेची आठवण होते. सण ८ सप्टेंबरला, जत्रा नंतरच्या रविवारपासून पुढच्या रविवारपर्यंत. ८ लाच रविवार आला तर त्याच दिवसापासून. चर्चची दिनदर्शिका आटोपशीर झाली तरी लोक जत्रा आटोपशीर करीत नाहीत.

सणाच्या दिवशी काय घडते, आणि काय बिघडते

धर्मग्रामात सणाचे काम तीन बाजूंनी चालते: वेदीवर, रस्त्यावर आणि मांडवात. चुका बहुधा या तिघांच्या शिवेवर होतात.

वेदीची बाजू आधी. नोव्हेनाच्या नऊ दिवसांची जबाबदारी वाड्यांमध्ये किंवा विभागांमध्ये वाटून देतात. वाचक, गायक, फुले, अर्पणाची मिरवणूक, सगळे त्या वाडीचे. प्रवचनाला बाहेरचे फादर बोलावतात, म्हणजे रोज नवा आवाज. पण नऊ प्रवचनकारांना एक धागा आधी लिहून दिला नाही तर नऊ दिवस संताची एकच कथा ऐकू येते. पापनिवेदनासाठी नोव्हेनाचे मधले दिवस ठेवावेत. शेवटच्या संध्याकाळी रांग आवरत नाही आणि फादरही एकटेच असतात.

मिस्सा हव्या तितक्या वाढवता येत नाहीत. एका धर्मगुरूने दिवसाला एकच मिस्सा अर्पण करावी असा मूळ नियम आहे. धर्मगुरू कमी असतील तर बिशप दोन, आणि रविवारी किंवा बंधनकारक सणाला (ज्या दिवशी मिस्सेला येणे सक्तीचे असते) तीनपर्यंत परवानगी देऊ शकतात. म्हणून ‘सकाळी अजून एक ठेवा ना’ या विनंतीचे उत्तर बाहेरचे फादर मिळतात का, यावर अडते. आणखी एक गोष्ट फार थोड्यांना ठाऊक असते. दर रविवारी आणि बंधनकारक सणाला प्रमुख धर्मगुरूने एक मिस्सा धर्मग्रामातल्या सर्वांसाठी अर्पण करायचीच असते. तिच्यासाठी कोणाकडून दक्षिणा घेत नाहीत.

ख्रिस्तप्रसादाच्या भाकरीचा अंदाज हे साक्रिस्तीत, म्हणजे मिस्सेच्या तयारीच्या खोलीत, काम करणाऱ्याचे खरे कसब. कमी पडल्या तर मिस्सा चालू असताना नव्या घेता येत नाहीत. असलेल्या मोडून अर्ध्या-पाव कराव्या लागतात. जास्त उरल्या तर त्या पेटीत जपाव्या लागतात, टाकता येत नाहीत. अंदाज बाकांवरून बांधावा, मांडवातल्या खुर्च्यांवरून नव्हे, कारण मांडवातला प्रत्येक माणूस ख्रिस्तप्रसाद घेणारा नसतो. सणाला शेजारीपाजारी, वेगळ्या धर्माचे मित्रही येतात. त्यांनी रांगेत न जाता जागेवरच बसून राहणे योग्य. त्यात अपमान कोणाचाच नाही.

रस्त्यावरची बाजू म्हणजे मिरवणूक. पोलिसांची परवानगी तर लागतेच. ध्वनिप्रदूषणाच्या २००० च्या नियमांनुसार रात्री १० ते सकाळी ६ ध्वनिक्षेपक बंद. राज्य सरकार वर्षात जास्तीत जास्त १५ दिवस ही मर्यादा मध्यरात्रीपर्यंत वाढवू शकते, पण आपला सण त्या यादीत आहे असे गृहीत धरू नये. मूर्ती खांद्यावर नेणार असाल तर खांदेकरी उंची बघून जोडीने लावावेत. पुढचे उंच आणि मागचे ठेंगणे झाले की मूर्ती मागे कलते. मार्ग आदल्या दिवशी मूर्तीच्या उंचीची काठी घेऊन चालून पाहावा. गेल्या सणानंतर केबलच्या किती तारा नव्याने लोंबत्या झाल्या हे त्याशिवाय कळत नाही. जुलै-ऑगस्टचा सण असेल तर मिरवणूक मिस्सेच्या आधी ठेवू नये. पाऊस आला तर भिजलेली माणसे आणि भिजलेली वाद्ये घेऊन मिस्सा सुरू करावी लागते. नंतर ठेवली तर निदान रद्द तरी करता येते.

लग्न आणि मर्तिक यांचाही सणांशी संबंध येतो. उपवासकाळात लग्ने सहसा टाळतात; गुड फ्रायडेला आणि त्याच्या दुसऱ्या दिवशी तर लागतच नाहीत. मृत्यू तारीख पाहून येत नाही. पण बंधनकारक महोत्सवाला, पवित्र गुरुवारपासून इस्टरपर्यंत आणि आगमन, उपवास व पास्का या काळांतल्या रविवारी अंत्यविधीची मिस्सा करता येत नाही. दफनविधी होतो, प्रार्थना होतात, मिस्सा नंतरच्या मोकळ्या दिवशी. दुःखातल्या घराला हे ऐन वेळी कळले की ‘आमच्याच माणसाला का नाही’ असे वाटते. म्हणून हे कारण धर्मग्रामात आधीपासून ठाऊक असलेले बरे.

शेताचे पंचांग

रोममध्ये आखलेली दिनदर्शिका कोकणात आली ती भातशेतीच्या देशात. इथल्या माणसांनी ती मोडली नाही, तिच्यात आपले पंचांग गुंफले. गोव्यात सासष्टीतल्या रायचे कणसांचे फेस्त ५ ऑगस्टला, बर्फाच्या सायबिणीच्या दिवशी असते. गोव्यातल्या भातखाचरांत बर्फाची सायबीण! पण भाताची पहिली कणसे कापण्याची वेळ त्या तारखेशी जुळली आणि ती रुजली. २४ जूनचा सांजाव, म्हणजे योहानाचा सण, पावसाळ्यात विहिरी भरतात तेव्हाच येतो, म्हणून विहिरीत उड्या. मुंबईचे ईस्ट इंडियन ख्रिस्ती ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी आगेरा करतात. नव्या भाताच्या कणसांना फादर आशीर्वाद देतात, वाजतगाजत ती चर्चमध्ये नेतात. बऱ्याच गावठाणांत आता शेत उरलेले नाही आणि कणसे बाहेरून आणावी लागतात. तरी आगेरा चालू आहे.

मग ही संतांची पूजा नाही का?

हा आक्षेप प्रॉटेस्टंट ख्रिस्ती घेतात आणि इतरही कुतूहलाने विचारतात. कॅथलिक चर्चची भूमिका अशी: आराधना एकट्या देवाची, संतांना आदर आणि विनंती. घरात मुले आईला म्हणतात, ‘बाबांकडे माझ्यासाठी शब्द टाक.’ त्याने बाबांचा मान कमी होत नाही. मोत माउलीला लोक मेणाचे हात, पाय, घर, गाडी वाहतात. त्यातला नवस चर्चच्या शिकवणीप्रमाणे शेवटी देवालाच पोचतो. प्रत्येक नवस करणाऱ्याच्या मनात ही रेघ इतकी स्पष्ट असते का? नसते. फादरांना हे ठाऊक असते आणि नोव्हेनाची निम्मी प्रवचने त्यावरच खर्च होतात.

एवढा खर्च कशाला?

हा आक्षेप धर्मग्रामाच्या आतूनच येतो आणि त्यात तथ्य आहे. वेदीवरच्या सणाला फारसे काही लागत नाही: मेणबत्त्या, फुले, भाकर, द्राक्षारस. खर्च फुगतो तो मांडव, रोषणाई, बँड आणि जेवण यांत, आणि यातले काहीही महोत्सवाच्या व्याख्येत नाही. गोव्यात फेस्ताचा प्रेसिदेंत (यजमान) होण्याचा मान कुटुंबे आळीपाळीने घेतात. त्यातून बरोबरी करण्याची ओढ लागते. जमाखर्च सणानंतर फलकावर लावणे आणि देणगीदारांची नावे रकमेशिवाय छापणे, या दोन गोष्टींनी ही चढाओढ पुष्कळ उतरते.

आणि २५ डिसेंबर?

बायबलमध्ये येशूच्या जन्माची तारीख नाही. रोममध्ये २५ डिसेंबर पाळल्याची सर्वांत जुनी नोंद चौथ्या शतकातली आहे. ती सूर्याच्या रोमन उत्सवावरून आली की २५ मार्चपासून नऊ महिने मोजून, यावर अभ्यासकांचे एकमत नाही. धर्मग्रामाच्या दृष्टीने त्याने काही अडत नाही. सण घटनेचा आहे, तारखेचा नव्हे.

२०२७ चा कागद

सणांची आखणी करणाऱ्याने कागदावर आधी इस्टर लिहावा: २८ मार्च. मागे ४६ दिवस मोजले की १० फेब्रुवारी, राखेचा बुधवार. म्हणजे संत गोन्सालोंचा मोठा कार्यक्रम रविवारी करायचा असेल तर ७ फेब्रुवारी हा उपवासकाळाआधीचा शेवटचा रविवार. १९ मार्चला शुक्रवार आहे. उपवासकाळातल्या शुक्रवारी मांस वर्ज्य, पण त्या दिवशी योसेफाचा महोत्सव असल्याने हे बंधन उठते. २५ मार्च हा पवित्र गुरुवार, म्हणून तो महोत्सव ५ एप्रिलला. पवित्र आत्म्याचा सण १६ मेला. १५ ऑगस्टला रविवार आहे, पण मरियेच्या स्वर्गोन्नयनाचा महोत्सव त्याला मागे सारतो, आणि मिस्सेनंतर झेंडावंदन. ५ सप्टेंबरही रविवार, म्हणजे जिथे मदर तेरेसांचा दिवस फक्त स्मृतिदिन आहे, तिथे तो त्या वर्षी वेदीवर दिसणार नाही. ८ सप्टेंबर बुधवारी, वांद्र्याची जत्रा १२ पासून.

वर्षाच्या शेवटी एक जोडी आहे, तिची सूचना फलकावर आधीच लावावी. नाताळ शनिवारी आणि २६ ला रविवार, पवित्र कुटुंबाचा सण. दोन्ही दिवस मिस्सेला येणे बंधनकारक, आणि २५ च्या संध्याकाळची एकच मिस्सा धरून दोन्ही भागवता येत नाहीत. फादरांना २४ ची रात्र, २५ आणि २६ असे सलग उभे राहायचे आहे, तेव्हा मदतीला येणाऱ्या धर्मगुरूंना ऑक्टोबरमध्येच विचारून ठेवावे. डिसेंबरात विचारले तर त्या तीन दिवसांसाठी कोणी मोकळे सापडत नाही.